आबांची जीप आणि वसंताचा चर

१२ नोव्हेंबर, बुधवार

वसंताला मी सोडणार नाही. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या राग उतरला तरी वाचून परत चढेल.

शेताच्या वाटेवर त्यानं आडवा चर खणलाय. जेसीबी लावून! म्हणे पाणी तुंबतं. वाट त्याच्या बांधावरून जाते हे खरं, पण इतक्या वर्षांत कुणी अडवली नव्हती. आणि अडवली कुणी, तर सख्ख्या चुलतभावानं!

मी रागाच्या भरात जीप तशीच आत घातली. पुढची चाकं खाली गेली, पोट काठावर टेकलं, मागची चाकं हवेत. बसले तशीच, गरागरा चाकं फिरवत. शेवटी त्यानंच ट्रॅक्टर आणून ओढून काढली. साखळी बांधताना गड्यांसमोर म्हणतो, "प्रिया, बाईमाणसाचं काम हाय का हे? काकाला सांग, शेत आमच्या नावानं करा म्हणाव. तुला दरसाल साडीचोळी करत जाईन की."

साडीचोळी! भाऊ नसलेल्या बहिणीचं शेत आमच्या भावकीत असंच एका साडीत गुंडाळून नेतात. आबा ते लेकीच्या, म्हणजे माझ्या नावावर करणार आहेत, कागद तेवढे व्हायचेत. म्हणून तर हा चर.

१३ नोव्हेंबर

लटकलेल्या जीपचा फोटो त्यानं भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलंय – "ताईची होडी". चुलतबहीण आकांक्षानं हसरं तोंड पाठवलं. तिच्या बाळंतपणात मी महिनाभर राबले होते. असू दे. लक्षात ठेवीन.

१५ नोव्हेंबर

शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "तहसीलला अर्ज कर, रस्ता खुला करून देतेत." नको! अर्ज, पंचनामा, तारखा – त्यात त्याचं काय जातंय? मला त्याच्या डोळ्यांदेखत त्या चरावरून जायचंय. सावकाश. हॉर्न वाजवत.

आबा पुन्हा म्हणाले, "एकदा शेतात ने गं मला. तुरी कशा आल्यात बघतो." गुडघ्यांमुळं पावसाळ्यापासून घराबाहेर पडले नाहीत. म्हटलं, थांबा आबा, आधी जीप होऊ द्या.

ही जीप त्यांचीच. वडीगोद्री–अंबड वडाप चालवलं त्यांनी तिच्यावर, सीटा भरभरून, आणि त्यातूनच ते शेत घेतलं. वसंताच्या बापाची दमडी नाही त्यात.

१९ नोव्हेंबर

जुन्या जालन्यात धर्मराज मिस्त्रीकडं जीप टाकली. जीपखाली झोपूनच बोलला, "ताई, स्प्रिंगचे पाटे आक्सलच्या खालून हायेत. ते वर घेतो. गाडी आपोआप उचलती. मोठे टायर, लांब शॉकप – हत्ती करून देतो तुमाला!"

मी विचारलं, अजून उंच होईल का?

तो हात पुसत बाहेर आला. "हुईल की. रेसला चाल्ल्या का?"

म्हटलं, भावाकडं चालले.

२४ नोव्हेंबर

उचलली खरी, पण पळवली की चाकं फिरवणारा शाफ्ट थरथरतो. उंचीमुळं त्याचा कोन बदलला म्हणे. ब्रेकचा पाइपही ताणलाय, तो लांब घालावा लागेल. मी घाई केली तर धर्मराज चिडला. "जल्दी करसाल तर भावाकडं न्हाई, दवाखान्यात जासाल."

बरं. थांबते. चर कुठं पळून चाललाय!

२७ नोव्हेंबर

दाराखालचं पायदान कापून टाकलं. ते खाली लोंबतं, चराच्या काठाला अडकलं असतं. आबांनी वडापच्या दिवसांत म्हाताऱ्या बायांना चढता यावं म्हणून समोर उभं राहून वेल्डिंग करून घेतलेलं. धर्मराजनं दोनदा विचारलं, "बराबर ना ताई? कापू?" म्हटलं, काप. ठिणग्या उडाल्या तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, हा वसंताच चाललाय ग्राइंडरखाली.

घरी आणली तर झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. "आता शिडी लावून चढायचं का गं बाई?" उडी मारून चढते मी. चढून दाखवलं त्यांना.

६ डिसेंबर

विहारात अभिवादनाला सगळी भावकी होती. वसंता पांढरे कपडे घालून नेमका माझ्या शेजारी. मेणबत्ती विझली माझी, तर आपल्या मेणबत्तीनं पेटवून दिली. मोठा भाऊ शोभतोय! तोंडानं पंचशील म्हटलं, मनात चर.

७ डिसेंबर, रविवार

गेले!

वसंता बांधावर गड्यांबरोबर भाकर खात होता. मी पहिल्या गिअरवर सावकाश उतरवली. नाक खाली, मग नाक वर, एक हिसका – आणि पलीकडं! पोटाला माती लागली नाही. हॉर्न दाबला तो शेतात पोचेपर्यंत सोडला नाही. आरशात पाहिलं. हातातला घास हातातच होता त्याच्या.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं – "होडी लागली किनाऱ्याला". आकांक्षानं याही वेळी हसरं तोंड पाठवलं. दोन्हीकडून ढोलकी!

१० डिसेंबर

शेतात काम नसलं तरी रोज जाते. जाते आणि येते. त्याची बायको बेबीनंदा आज आडवी आली, "च्या घ्या की ताई." काच वर केली. वसंता मागून ओरडला, "काका कसे हायेत? त्यांला आणत न्हाईस व्हय?"

आणणारच! पुढं बसवून आणीन. मग बघू कोण कुणाला साडी देतो.

१४ डिसेंबर, रविवार

आबांनी सकाळीच धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. काठी टेकत जीपपाशी आले. सवयीनं पाय उचलला, आणि पाय हवेतच चाचपडत राहिला.

"पायदान कुठंय गं?"

मी सांगितलं. त्यांनी दाराला धरून पाहिलं. मी स्टूल आणलं, खालून ढकललं. गुडघा दुमडेना. कळवळले. दुसऱ्यांदा पाय उचलताना घसरले, मी धरलं म्हणून पडले नाहीत. टोपी मात्र चाकाखाली गेली.

"एवढी उंच कुणासाठी केलीस?" एवढंच विचारलं. रागावून नाही. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाहीत.

मला काय माहीत होतं! हे सगळं वसंतामुळं. चर त्यानं खणला, मी नाही. उद्याच धर्मराजला फोन करते, दुसरं पायदान लावून घेते. पण ते लोंबलं की चरात अडकणार. बघू.

१६ डिसेंबर

शाळेतून शिकवून आले तर आबांच्या पायांना माती, धोतराच्या ओच्यात तुरीच्या शेंगा. वसंता आल्ता म्हणाले. फटफटीवर चरापर्यंत नेलं, तिथून पाठीवर घेऊन चर ओलांडला, तुरीत नेऊन बसवलं.

शेंगा सोलता सोलता म्हणाले, "शेत त्याच्याच नावानं करून टाकू, प्रिया. मला उचलून तर नेलं त्यानं."