अर्धे धरलेले भाऊजी

करंजाडे,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप धर्मराज भाऊजींच्या पायांवर तुळशीरामचं डोकं. (डोकं सध्या ठिकाणावर नाही, पण आहे तेवढं ठेवलं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? चंद्रावतीअक्काची साखर ताब्यात आहे ना? आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. तुम्ही माझा फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर पाठवलेला नमस्कार निळा होऊन तसाच पडून राहतो, म्हणून पोस्टाचं पाकीट आणलं. पाकीट मागितलं तेव्हा पोस्टातली मुलगी माझ्याकडे असं बघत राहिली जणू मी तिच्याकडे बैलगाडीच मागितली.

मे महिन्यात नातीच्या, मनस्वीच्या हळदीत जे झालं, त्यानंतर तुम्ही गणपतीलाही आला नाहीत. राग बरोबर आहे. पण दोष कोणाचा ते नीट ऐका. मी सातवीपर्यंत शिकलेला, मिठागरात उभं आयुष्य काढलेला माणूस. माझ्या पोटी हरेशसारखा मुलगा कसा आला ते देवालाच ठाऊक. लहानपणी गावच्या जत्रेत बाकीची पोरं पाळण्यात बसायची, तर हा देवळाच्या दाराशी उभा राहून माणसं बाहेर कशी पडतात ते बघायचा. मला वाटलं, चपला चोरणाऱ्यावर लक्ष ठेवतोय. पुढे स्कॉलरशिप, मुंबई, मग परदेश. तिथे पाच वर्षं कशाचा अभ्यास केला? तर गर्दी दारातून बाहेर कशी पडते याचा! अहो, दार आपल्याकडेही होतं. मग परत येऊन विद्यापीठात प्रोफेसर झाला. याला उपयोजित गणित म्हणतात, म्हणजे उपयोगाचं. (मी विचारलं, मग बाकीचं कसलं? तर तो दोन तास बोलला. तेव्हापासून मी त्याला काही विचारत नाही.)

उपयोगाचं म्हटल्यावर गाव सोडतंय होय? आपल्या शेजारचे पाच भाऊ सरकारने जमिनीच्या बदल्यात दिलेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट कसा वाटायचा म्हणून आले. याने फळ्यावर काढून दाखवलं की पाचही जणांना आपल्याला कमी मिळालं असं वाटणारच, तेव्हा भांडण हेच बरोबर उत्तर आहे. ते पाच भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एक झाले, ते याच्यावर ओरडायला.

तरी याचा भाऊ, आमचा परेश, मुलीच्या हळदीचं जेवण ठरवायला याच्याकडेच गेला. आपल्यात हळदीला जेवणाचा अंदाज कधी कोणी केला आहे का? गाव येणार, गावाचे सोयरे येणार, सोयऱ्यांचे ड्रायव्हर येणार. टोप चढवायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. पण हरेश म्हणाला, आबा, किती अन्न वाया जातं! त्याने प्रत्येक पाहुण्याची माहिती घेतली. जो बोलावल्यावर दर वेळी येतो तो एक, जो दोनदा बोलावल्यावर एकदा येतो तो अर्धा. सगळे तुकडे जोडून माणसं काढली. आचारी जगन एरवी कोणाचं ऐकत नाही, पण हा परदेशात शिकलेला म्हणून त्याने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून चुलीपाशी टांगला. "प्रोफेसरनी सांगलाय, मना काय टेन्शन नाय," असं येईल त्याला सांगत सुटला.

आणि तिथेच घात झाला. जगनचं हे बोलणं करंजाड्यापासून ओवे गावापर्यंत पोचलं. जे कधी हळदीला येत नाहीत तेही आले. कशाला? तर प्रोफेसरचं जेवण पुरतं की नाही ते बघायला! बघायला आलेला माणूस उभा थोडाच राहतो? तो जेवतो, आणि जरा जास्तच जेवतो. दुसऱ्या पंगतीत टोपाचा तळ लागला. परेश गाडी काढून कर्नाळ्याच्या बाजूला पळाला, तिथल्या ढाब्यावर मटण संपलेलं, म्हणून जे होतं ते उचलून आणलं. आणि आगरी घरातल्या, मटणाच्या हळदीत, नवरीच्या आत्याआजीच्या यजमानांच्या, म्हणजे तुमच्या ताटात पनीर पडलं. ते ताट मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

तुम्ही एवढंच विचारलंत, "काय रं हरेश, मना मोजला का नाय?" त्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, चुकलं आतोबा. हा म्हणाला, "मोजलं ना आतोबा, अर्धं." वर समजावलं की गुडघ्यामुळे तुम्ही मागच्या दोनपैकी एकाच हळदीला आला होतात! तुम्ही अक्काला घेऊन उठलात ते बरोबरच केलंत. आणि हा? हा खुशीत! "आबा, अंदाज सांगितल्यामुळेच अंदाज चुकला, हे फार महत्त्वाचं आहे." आता यावर निबंध लिहिला आहे, तो वाचायला परदेशी बोलावणं आलं आहे. आमच्या अब्रूचं मटण संपलं आणि यांना शोध लागला.

असो. तुम्हाला त्रास द्यायला लिहीत नाही. रागावला असाल तर रागावलेलेच राहा, तब्येत सांभाळा. अक्काला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
तुळशीराम

ता. क. लिहिणार नव्हतो, पण भाऊबीज जवळ आली. आई गेल्यापासून एकही भाऊबीज अक्काच्या हातच्या टिळ्याशिवाय गेली नाही. तुम्ही नाही आलात तरी तिला पाठवा. हरेश रविवारी तुमच्याकडे माफी मागायला येतो आहे. त्याला माफ करा किंवा करू नका, पण हात जोडतो, "अर्धा का धरलास" असं त्याला विचारू नका. तो समजावून सांगेल.

ता. क. दुसरा. आत्ताच त्याला विचारलं (विचारायला नको होतं), भाऊबीजेला किती पाट मांडू? म्हणाला, आत्या एक, आतोबा अर्धे, आबा तुम्ही पाऊण. माझ्याच घरात मी पाऊण! का, तर म्हणे वय. भाऊजी, तुम्ही माझ्याहून थोरले. रुसून बसायला आपल्याकडे किती वेळ आहे, हे मी याला मुळीच विचारणार नाही. मी पाट पूर्ण मांडतो आहे, तुमचाही. मटण मी स्वतः आणणार, कोणालाही न मोजता. पनीर घरात येणार नाही.