राणी कोण

४ फेब्रुवारी
बिलोलीहून लातुरात आले एकदाची. पूनमताईंच्या टॅरो सेंटरवर, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगतात तिथं, काम मिळालं आणि राहायला खोलीही. घरमालकीण पार्वतम्मा एकट्याच असतात. गेल्या वर्षी त्यांचे यजमान शरणप्पा वारले. आल्या आल्या त्यांनी भाकरी नि शेंगदाण्याची चटणी वाढली, माझ्या काड्यांसारख्या हातांना हसल्या. आई गेल्यापासून असं कुणी वाढलं नव्हतं. घर आवडलं.

७ फेब्रुवारी
पूनमताईंनी आज कोर्ट कार्डं शिकवली. पेज, नाईट, राणी, राजा; ही माणसं असतात म्हणे. स्वभाव आपण सांगायचा, माणूस समोरच्यानं ओळखायचा. जिवंत माणूसच धरायचा आणि कार्ड बेवारस सोडायचं नाही, प्रत्येकाला कुणीतरी माणूस द्यायचाच. मला तर गंमतच वाटली. तापट मेहुणा म्हटलं की कुणालाही कुणीतरी आठवणारच.

११ फेब्रुवारी
पार्वतम्मांनी हट्टच धरला, म्हणून पत्ते मांडले. राजा निघाला, सिंहासनावर ताठ बसलेला. शेजारी राणी. पार्वतम्मा राजाकडं बघत म्हणाल्या, हे तर आमचे मालक, असंच बसवून न्हेलं की त्यांना. लिंगायतांत गेलेल्या माणसाला विभूती लावून, फुलांनी सजवून बसवूनच नेतात, बसवूनच पुरतात. बिलोलीत मीही पाहिलंय, पण पत्ता काढताना डोक्यात आलं नाही. त्यांचे डोळे भरले. मला राहवेना. राजा म्हणजे घरी येणारा माणूस, भेट होईल, असं सांगून टाकलं. मग राणी कोण, त्यांनी विचारलं. तुम्हीच, मी म्हटलं. किती खूश झाल्या.

१४ फेब्रुवारी
पार्वतम्मांनी ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीपुढं ताट वाढलंय. मालक आलेत, पण बोलंनात, म्हणाल्या. खुर्ची रिकामी आहे असं सांगणार होते. पण तिची वेताची बैठक खाली दबलेली होती, कुणी बसल्यासारखी.

१६ फेब्रुवारी
पार्वतम्मा उठत नाहीत. शेजारी दुसरी खुर्ची घेऊन ताठ बसल्यात, गुडघे सरळ होत नाहीत. डॉक्टर वात म्हणाले. मालक न्यायला आलेत, असं त्या सांगतात. हे माझ्यामुळं झालं. भीती वाटते.

१७ फेब्रुवारी
त्यांचे हात गार पडलेत. मला सोसवेना. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून मोठ्यानं सांगितलं, माझं चुकलं, राणी या नाहीत.
संध्याकाळी पार्वतम्मा उठल्या. स्वतः चहा केला.

१८ फेब्रुवारी
त्या अंगण झाडत होत्या. बरं वाटलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, मालक इचारायलेत, मग राणी कोण हाय. कार्ड बेवारस सोडायचं नाही, मीच तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं. पण कुणाचं घेऊ? त्या माझ्याकडं बघत राहिल्या.
बॅग भरली.

१९ फेब्रुवारी
बस गाठायला निघाले. चप्पल घालायला ओसरीवर, पार्वतम्मा बसल्या होत्या त्या खुर्चीत टेकले — तेवढंच —
गुडघे सरळ होत नाहीत.
वही मांडीवर होती म्हणून लिहिते — पार्वतम्मा रडताहेत, माफ कर लेकरा, मालकांना तुझंच नाव सांगितलं, म्हणतात — ओली विभूती कपाळाला लावली — पाठ ताठ ठेव, मग तरास न्हाई होत —
फाटक इथून दिसतंय — शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी माझा हात