एकाच रंगाचं सैन्य

प्रिय ठकू,

तुझं पार्सल परवा पोचलं. बाबांचा चष्मा, उशांचे अभ्रे, माझे लोकरी मोजे आणि तुझ्या पत्राचा अर्धा कागद. पोस्टमनने जादा वजनाचे पंधरा मागितले, ते दिले. मोज्यांची किंमत तू खरवडून काढली आहेस, पण मला वाचता आली. इतके महाग मोजे घालून मी काय ओट्यापाशी उभी राहू? तरी घातलेत. उबदार आहेत.

पत्रात नळाची चौकशी आहे, बाबांच्या गुडघ्याची आहे. आजोबांबद्दल ओळ नाही. मागच्या पत्रातही नव्हती. मी रागावले नाहीये गं. आजोबा गेले आणि तुला सुट्टी मिळेपर्यंत सगळं आटोपलं, ते तुला सलतंय हे मला न सांगता कळतं. पण मला आज त्यांच्याबद्दलच लिहायचंय, आणि कामही तसंच निघालंय. तुझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन गेल्या. मागच्या खोलीतलं आजोबांच्या लढाईचं टेबल त्यांना शाळेत ठेवायचंय, नदी, टेकडी, पूल, सैन्यासकट. सोमवारी हमाल येतील म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी त्या खोलीत बराच वेळ बसले. टेबल म्हणजे आपलं जुनं दार, हे तुला आठवत असेल. टेकडी रद्दीच्या लगद्याची, त्यात माझी किती कणीक गेली ते विचारू नकोस. नदीला फुटक्या आरशाचे तुकडे. आणि सैनिक! कपड्यांचे लाकडी चिमटे दोरीवरून कमी व्हायला लागले तेव्हा मी शेजारणीवर संशय घेतला होता. मी डोळे मिटून प्रार्थनेला बसले की आजोबा हळूच अंगणात जायचे, आणि पकडल्यावर म्हणाले, ‘‘सूनबाई, तुझं देवाशी चालू दे. माझी इकडे भरती चाललीय.’’ ओला टॉवेल दगडाखाली वाळत घालावा लागला मला! पण त्या चिमट्यांना त्यांनी टोप्या काय, पडशा काय, एकाच्या हातात तर चहाची किटली दिली. लढाईआधी चहावाला करायचा, हा त्यांचा नियम. बंदूकवाले मागाहून.

बाजारात जाताना मी पिशव्या घेऊन पुढे आणि ते जुन्या तटाच्या भिंतीपाशी उभे. ही वीट त्या विटेहून किती जुनी, हे मला सांगायचे. मी म्हणायची, वीट कुठे पळत नाही, भाजी संपेल. आता त्या भिंतीपाशी आले की माझीच पावलं थांबतात. कुठली वीट जुनी, ते मात्र कळत नाही.

तर रंगाचं. त्यांना दोन डबे हवे होते, आपल्या बाजूला एक, शत्रूला एक. मी सरळ नाही म्हटलं. फाटकाला लावून उरलेला करडा रंग होता, म्हटलं त्यात भागवा. दुसऱ्या दिवशी बघते तर झाडून सगळं सैन्य करडं. म्हणाले, ‘‘बरं झालं तू अडवलंस. चिखलात आम्ही सगळे असेच दिसत होतो. हाक मारल्याशिवाय कळायचं नाही, आपला कोण ते.’’ इतकं म्हणून दुखरा पाय ओढत अंगणात गेले. ब्रश धुवायचासुद्धा विसरले.

मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, मुलांना कळायला हवं, एक बाजू लाल करू, दुसरी निळी. रंग शाळेचा. फुकटचा रंग, आणि मी नको म्हटलं! तुझे बाबा पेपरातून वर बघायला लागले. बाई म्हणाल्या, ‘‘मग कोण कुठला, हे मुलांना सांगणार कोण?’’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मी सांगेन.’’ बाईंनी लगेच हात जोडले, ठरलंच म्हणाल्या. मॅट्रिकला तोंडी परीक्षेत पाणी मागितलेली बाई मी. आता शाळेच्या हॉलमध्ये उभी राहणार आहे.

त्यात एक पंचाईत आहे. धूळ पुसताना मी सगळे सैनिक उचलले आणि परत मांडले ते उंचीप्रमाणे, फडताळातल्या डब्यांसारखे. पूर्वी एकदा असंच केलं होतं तेव्हा ते पोट धरून हसले होते. ‘‘माझं अर्धं सैन्य शत्रूला देऊन टाकलंस की गं!’’ म्हणत त्यांनी एकेक उचलून जागेवर ठेवला, सगळे करडे असून. आता ठेवणारं कोणी नाही.

आणि खरी गोष्ट ही की मला ती लढाईच पुरती माहीत नाही. इतकी वर्षं तू त्यांच्या मांडीशी बसून ऐकलीस. मी स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजात. पहाट होती, धुकं होतं, चहा झाला, पहिला माणूस पाण्यात उतरला, की माझी हाक, जेवायला चला, गार होतंय. दर वेळी. माझ्यासाठी ती माणसं अजून काठावरच उभी आहेत. तुझ्या बाबांना विचारलं, तर म्हणाले, मी कधी विचारलंच नाही, आणि चष्मा पुसत बसले. या घरात आजोबांबद्दल बोलायला मला कोणी नाही, ठकू. म्हणून हे पत्र. नदीच्या पुढे काय झालं ते लिही. कोण पलीकडे पोचला, कुणाला त्यांनी हाक मारली आणि ओ आली की नाही. ते जसं सांगायचे तसंच लिही, मध्ये थांबायचे तिथे थांब. पूर्ण कागद घे, अर्धा नको. सोमवारच्या आत पोचायला हवं, तेव्हा उलट टपाली पाठव, आणि पोस्टेज जास्त पडलं तरी पडू दे.

तुझीच,
आई