हौदाच्या उत्तर बाजूची बोंडं

७ सप्टेंबर, कळंब
सकाळी तात्यांच्या गोठ्यापुढच्या हौदावर. उत्तर बाजू, तोटी गळते तिथे. मॉस हिरवंगार, उंची नखाएवढीही नाही. ऊन लागलं की पानं आत वळून काळी पडतात, मेलंय असंच वाटतं. ओंजळभर पाणी मारलं की बघता बघता उघडतात. तीन वर्षं बघतोय. कंटाळा नाही.
तात्या गोठ्यातून : "संपादक, शेवाळाची मुलाखत झाली का?"

९ सप्टें.
बोंडं! म्हणजे मॉसच्या बीजाणूंच्या कुप्या, केसासारख्या देठांवर, हिरव्या. भिंगातून सतरा मोजली.
चार वर्षांपूर्वी पेपरातल्या माझ्या सदरात ठोकून दिलं होतं : हे मॉस आपल्याकडे बोंड धरत नाही, बारीक अंकुरांवरच पसरतं. सहाला मजकूर द्यायचा होता, कुणाला विचारलं नाही. या मॉसची नर आणि मादी रोपं वेगळी. जवळ असतील आणि मधे पाण्याचा थर असेल तरच नराची पेशी पोहत मादीपर्यंत पोचते. म्हणजे या हौदावर दोघंही नांदतायत. दुरुस्ती छापायला हवी.

११ सप्टें.
बारामतीला कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना फोन. "कच्च्या बोंडावरून नाव पक्कं सांगणार नाही. पिकू द्या. झाकण सुटायच्या बेतात असलेली तीन-चार आणा." नावाशिवाय दुरुस्ती नाही, हे मीच ठरवलंय. एकदा घाई केली तेवढी पुरे.
पण आमच्याकडचा भादवी पोळा एकवीसला. त्याआधी हौद घासून चुना लावतात.

१३ सप्टें.
तात्यांना म्हटलं, हातभर जागा सोडा. "सोडतो की. पर खूण करा. आमाला समदं शेवाळ एकच हाय." खडूने चौकट आखली. निवांत.

१८ सप्टें.
चौकटीतलं सगळं साफ. बाकी हौद अजून हिरवा. शेजारी तात्यांच्या पत्नी शांतावहिनी, हातात काथ्या.
"भाऊजी, तुमी आखलेलं आधी घासलं बघा. लई चिवट हुतं!"
गवंडी खडूने आखतो ते फोडायचं असतं. त्यांनी तेच धरलं. तात्या सांगायला विसरले होते. आधी हसले, माझं तोंड बघून थांबले. मग मीच वहिनींना सगळं सांगितलं.
वहिनी : "मग तोंडानं सांगायचं न्हाय व्हय? पेपरात एवढं लिवता!"
खरं आहे.
खरवड केळीच्या बुडात टाकलेली. वहिनी आणि मी चिखल चाळत बसलो. त्यांची नजर माझ्याहून बरी. एक ढलपी त्यांनाच मिळाली, चार बोंडं उभी. ओल्या विटेवर बसवून रांजणाच्या सावलीला ठेवली.

२१ सप्टें., पोळा
हौद पांढराशुभ्र. बैलांनी पाणी प्यायलं, कुणाची तक्रार नाही. पुरणपोळ्या तीन. बोंडंही तीन, एक गळालं. तरी दिवस चांगला.

२६ सप्टें.
बोंडं तांबूस. झाकणाला चोच दिसते. पाणी वहिनीच शिंपडतात, मला हात लावू देत नाहीत. तात्या : "माझ्या च्याला येवढी येळ पाळत न्हाय." दुरुस्तीच्या चार ओळी लिहिल्या. नावाची जागा कोरी.

३० सप्टें.
सातला वहिनींची हाक. "भाऊजी, एकाची टोपी गेली!" भिंग लावलं. तोंड उघडं, कडेला दात नाहीत. माझा अंदाज आहे त्या जातीचं असावं तसंच. बीजाणू उडून गेलेले. उरली दोन, झाकणं जेमतेम टिकून.
बाईंना फोन. "तीन-चार म्हटलं होतं. दोन असली तर दोन्ही आणा, आजच."
वहिनी विटेपाशी बसल्या होत्या. "दोन्ही? एक राहू द्या की हितं. मी घासलं, मलाच परत लावायचंय."
मॉस नुसत्या तुकड्यावरही वाढेल, हे सांगितलं. पटलं नाही. खरं म्हणजे मलाही नीटसं पटलं नाही.
एका बोंडावर बाई नाव सांगतील? कदाचित.
एसटी साडेनऊला. डबी आणि चिमटा घेतलाय. वहिनी अजून तिथेच, वीट पदराने झाकून.