नवस फिटेस्तोवर अनवाणी

३ ऑगस्ट
आली बाई एकदाची बोरगाव मेघ्यात, माह्या कैलासच्या नव्या घरी! नळ फिरवला का पानी. सून रूपालीनं गोडाचं केलं, शुगर आहे तरी दोन घास खाल्ले, काय करता. नात स्वरी तिसरीत आहे. तिनंच ही वही देल्ली. म्हने, आजी, रोज लिहित जाय. लिहितो बापा. घर झालं त केळझरच्या गनपतीले जाईस्तोवर चप्पल घालनार नाई, असा नवस बोलली होती मी. आयकून स्वरीनंबी आपली चप्पल फेकली. म्हने, तुह्यासंगं मीबी. लय गुनाची बाय माही.

६ ऑगस्ट
मागच्या अंगनात पानी तुंबलं अन् उंदरं निघाले, मांजरीएवढे. मी कपडे धुवाची मोगरी उचलली. एक भिंतीवर चेचला, एकाचं डोकं फोडलं, एक टाचेखाली कचकन. स्वरी पान्यात उभी राहून टाळ्या पिटून राह्यली होती. रूपाली म्हने, आई, तुमाले फौजेतच घेतलं असतं. पायाले भेगा आहेत, पन शुगरनं पाय बधिर, काई कळत नाई. बरंच आहे.

१४ ऑगस्ट
ताप. पिंढऱ्या कोनी दगडानं ठेचल्यावानी. डोळे लालभडक. शुगरच्या, बीपीच्या, हार्टच्या साऱ्या गोळ्या बंद केल्या. पोटात अन्न नाई त गोळ्या कायले? रूपाली चिडली, दवाखान्यात चला म्हने. मी म्हटलं, आधी केळझर.

१७ ऑगस्ट
डोळे हळदीवानी. थुंकीत रक्त. छातीत उंदीर शिरला — धावते, थांबते, उलटा फिरते. मोगरी कुठी —

१९ ऑगस्ट
दवाखाना. हात खाटेले बांधले होते, आता एक सोडला, रूपालीनं वही देल्ली. मी नळी उपसली म्हने, नर्सले चावली. छातीवर करंट देल्ला, सारं अंग आपटलं. उंदीर नाई मेला. डॉक्टर कैलासले सांगत होते — उंदराचं मूत पान्यात, पानी भेगांतून रक्तात. शुगरवाल्याले जास्त. हार्ट आधीच कमजोर, म्हनून तिथंच —

२० ऑगस्ट
मास्क आहे, बोलता येत नाई. स्वरी नाई आली. रूपाली हासून म्हने, "पोरगी तुमच्यावरच गेली, आई. नवस मोडते म्हनून अजून चप्पल घालत नाई. कालपासून पिंढऱ्या दुखतात म्हनते, निजवून आली."

रूपाली वाच — नवस मोड — चप्पल — तिले निजवू नको, इथं आन, आत्ता — डोळे पाह्य तिचे, लाल आहेत का —