घरची चाळणी

सेंदाई, जपान,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय यामिनी,

तू बरी असशील, सांगलीच्या कॉलेजात रुळली असशील, काकूंचे गुडघेही कुरकुर कमी करत असतील अशी आशा. इथे थंडी पडायला लागली. मी ठीक. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम टपालानं पाकीट, म्हणून दचकू नकोस. ईमेल तू माझं नाव बघूनच पुसून टाकशील, आणि त्यात तुझं काही चुकणार नाही.

काल आपल्या 'भारतीय भौतिकी मंडळा'चं वार्षिक संमेलन झालं. आपलं म्हणजे माझं, तू सुटलीस. सभासद एकेचाळीस, पदाधिकारी सतरा. अध्यक्ष अजून अंबरीष घैसासच. तुझ्या वेळी नुसते अध्यक्ष होते, आता 'संस्थापक अध्यक्ष' झालेत. मंडळ स्थापन झालं तेव्हा हे गृहस्थ नागपुरात एम.एस्सी. करत होते, पण विचारतंय कोण? ओळख करून देताना माणसं अजूनही आधी संस्थेचं नाव सांगतात, मग आपल्या प्रोफेसरचं, आणि वेळ उरलाच तर स्वतःचं. सिद्धान्तवाले पुढच्या रांगेत, आपण प्रयोगवाले मागे, चहापाशी. तोक्योहून आलेला राजीव विश्वाच्या आरंभावर पाऊण तास बोलला आणि तिथल्याच निशी-कसाईतल्या भारतीय हॉटेलातून मागवलेल्या इडल्या गार होत्या म्हणून त्याहून जास्त वेळ कुरकुरला. बायका आता नोकऱ्या करतात, घरच्या इडल्या मिळत नाहीत, हे दुःख त्याला विश्वाच्या अंताइतकंच मोठं वाटतं.

शेवटी कचऱ्याचं नाटक झालं. एवढे डॉक्टरेटवाले, पण बाटली कुठे टाकायची आणि तिचं झाकण कुठे, हे एकालाही सांगता येईना. सगळं एकाच पिशवीत कोंबलं. सभागृह सांभाळणाऱ्या आजोबांनी ती पिशवी परत आणून आमच्यासमोर उपडी केली. घैसास मला म्हणाले, "हे लोक फारच काटेकोर बुवा!" मोजमापावर पोट भरणारा माणूस हे तक्रारीच्या सुरात म्हणाला.

आणि हो, 'घरची चाळणी' अजून चालू आहे. लेख बाहेर पाठवण्याआधी आपल्या माणसांपुढे मांडायचा, म्हणजे जपान्यांसमोर शोभा व्हायला नको. तुझा लेख तिथेच गळला. तुझा स्फटिक सगळ्या जगाच्या आकड्यापेक्षा दीड अंश वरच विजेचा सगळा विरोध सोडून अतिवाहक होत होता. घैसास म्हणाले, "पोरीचा हात कच्चा आहे, दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्या." ती दुसरी कुणीतरी म्हणजे मी. माझ्या यंत्रावर मोजलं, जुनाच आकडा आला. तू लेख मागे घेतलास, तुझा करार वाढला नाही, तू गेलीस. त्या दिवशी मीटिंग आहे, निरोपाला येता येणार नाही, असं मी कळवलं होतं. मीटिंग नव्हती.

काल मंडळानं मला पुरस्कार दिला. शाल आणि शेंडी नसलेला नारळ. घैसास माइकवर म्हणाले, मैथिलीनं ती चूक वेळीच पकडली नसती, तर इथे प्रत्येक भारतीयाच्या आकड्याकडे संशयानं पाहिलं गेलं असतं. टाळ्या. मी वाकून शाल घेतली.

आता लिहितेच. तुझा आकडा बरोबर होता.

तुझा स्फटिक मोजण्याआधी, ऑगस्टच्या सुट्टीत मी माझ्या यंत्रातला तापमापक बदलला होता. प्रत्येक तापमापकाची स्वतःची पत्रिका असते, कुठल्या वाचनाला किती अंश धरायचे याचा तक्ता. मी नव्याला जुन्याचीच लावून ठेवली. तुझा स्फटिक माझ्याकडेही दीड अंश वरच बदलत होता, तक्ता मात्र मला जुना आकडा दाखवत राहिला. आणि अपेक्षित तोच आला म्हणून मी पुन्हा तपासला नाही. नको तो आला असता, तर दहा वेळा तपासला असता. चाळणीत तुला तीन तास उभं केलं. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

हे मला यंदा मार्चमध्ये, जुनी प्रयोगवही चाळताना कळलं. माझ्या कायम नोकरीचा निर्णय एप्रिलमध्ये होता. एप्रिल जाऊ दिला. मग मे. मग नोव्हेंबर आला. घैसास मूर्ख आहेत, पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं. त्या सगळ्या सभागृहात सर्वांत हलकी मी होते.

काल घैसास निघताना कोट घालत होते, तेव्हा मी त्यांना गाठलं.
"सर, यामिनी बरोबर होती. चूक माझी होती."
त्यांनी आधी मागे कोणी आहे का ते पाहिलं. "मैथिली, झालं ते झालं. ती तिकडे छान सेटल झालीये ना? मग लॅबच्या प्रमुखांपर्यंत, ताकेदा-सेन्सेईंपर्यंत कशाला न्यायचं? आपल्या सगळ्यांचं नाव जाईल."
आणि यामिनी, मला हायसं वाटलं. जिना उतरेपर्यंत मी खरंच खूश होते. मग स्वतःची किळस आली.

सोबत माझ्या प्रयोगवहीच्या सात पानांच्या प्रती आहेत, तारखांसकट. याच प्रती सकाळी ताकेदा-सेन्सेईंना पाठवल्यात. त्या यंत्रावरचे माझे नंतरचे दोन लेखही पडतील. नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. तुझा लेख तुझ्या एकटीच्या नावानं पुन्हा पाठव, उशीर करू नकोस. मला उत्तर लिहू नकोस.

इथे सहीपेक्षा नावाच्या शिक्क्याला मान. खाली मारलाय तो वॉर्ड ऑफिसात नोंदवलेला आहे, त्यामुळे उद्या मी शब्द फिरवू म्हटलं तरी फिरवता येणार नाही. हे पत्र तुझ्या प्राचार्यांना, संपादकांना, हव्या त्या माणसाला दाखव. यातलं एक अक्षरही खाजगी नाही.

लिहून देणार,
मैथिली श्रीकांत घारपुरे