बाळंतिणीची खोली, अठ्ठावीस डिग्री

१४ ऑक्टोबर, सकाळी ७
दसरा झाला. आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांकडून जर्नल लिहून घेतलं, स्वतः एक पान लिहिलं नाही. आता प्रोजेक्ट हाती घेतलाय, तेव्हा नोंद पाहिजे.
प्रोजेक्ट: प्रियदर्शनीचं बाळंतपण. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, यात चर्चेला जागा नाही. तारीख जानेवारीची. जानेवारीत लिंबागणेशला पहाटे नऊ डिग्री. बाळंतिणीच्या खोलीत अठ्ठावीस पाहिजे. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची जुनी पद्धत मला मान्य नाही. धूर, कार्बन मोनॉक्साईड. प्रियदर्शनी झाली तेव्हा आईनं तीच ठेवली होती, आणि पोर पंधरा दिवस खोकत होती. मी तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायचो.
उपाय: पेलेट स्टोव्ह. यूट्यूबवर बघितला. भुसा दाबून करंगळीएवढ्या कांड्या करायच्या, त्या म्हणजे पेलेट. वरच्या टाकीत भरायच्या, एकेक खाली पडून जळते, धूर नळीनं बाहेर. परदेशात घरोघर आहे. त्यांच्याकडं लाकडाचा भुसा, आपल्याकडं सोयाबीनचं भुसकट. फरक काय?
सौ. (गीताबाई) म्हणाली, "सातवा लागला. आणायला जावं लागंल." लेक माहेरी आपली आपण येत नाही, मुराळी न्यायला जावा लागतो, हे मला ती शिकवणार! प्रियदर्शनीला भाऊ नाही, म्हणजे मुराळी मीच. जाणार की. आधी खोली, मग आष्टी, तिच्या सासरी.

१५ ऑक्टोबर
एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मी रागावलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं नाथाशी रजिस्टर लग्न केलं. नाथा आष्टीला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आहे. घरचे मेंढरंवाले. मला त्याचं काही नाही. लग्नाला गेलो नाही कारण त्या दिवशी वर्कशॉपचं इन्स्पेक्शन होतं. आलं नाही ते, पण येऊ शकलं असतं. त्यानंतर लेकीशी बोलणं झालं नाही कारण विषय निघाला नाही.

१७ ऑक्टोबर
आसारामच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. माझाच विद्यार्थी. ड्रॉइंग दाखवलं. त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग विचारलं, सर, बीड जिल्ह्यात बर्फ पडायलाय का? बॅचमध्ये हा शेवटून दुसरा होता. दोनशे लिटरचा ड्रम कापायला दिला.

२१ ऑक्टोबर
पेलेट ट्रायल १. भुसकट, थोडं शेण, चिकटपणाला गूळ. मशीन नाही म्हणून सौ.चा चकलीचा सोऱ्या वापरला. सुंदर कांड्या पडल्या. गच्चीवर वाळत घातल्या. सौ. म्हणाली, सोऱ्या आता परत आणू नका. यंदा दिवाळीला चकली नाही. विज्ञानासाठी कोणाला तरी सोसावं लागतं.

२५ ऑक्टोबर
शेजारच्या वत्सलाबाईंच्या शेळ्या गच्चीवर चढल्या. एकूण एक पेलेट खाल्ले. वत्सलाबाई म्हणाल्या, दादा, लई आवडलं त्यांना, अजून करा. निष्कर्ष: गूळ नको.

२ नोव्हेंबर, पाडवा
पाटावर बसलो. दरवर्षी आधी सौ. ओवाळायची, मग प्रियदर्शनी. सौ.नं ओवाळलं आणि ताट खाली ठेवलंच नाही, तशीच धरून उभी. मी म्हणालो, झालं ना? मग ठेवलं. निरांजनाच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं. निरांजनाला धूर नसतो, पण वात जाड असावी.
सौ. गोठ्यात जाऊन फोनवर बोलते. मी ऐकत नाही. पलीकडून लेकीचं कानावर पडलं ते एवढंच: पाय सुजतात, आंबट चालत नाही, अप्पा काय करतेत.

९ नोव्हेंबर
स्टोव्ह आला. पाच माणसं लागली उचलायला. खोलीला गुलाबी रंग दिलाय, प्रियदर्शनीला आवडतो. पेटवला. दहा मिनिटं उत्तम. मग लाइट गेली, हवेचा पंखा बंद पडला आणि सगळा धूर उलटा खोलीत. गुलाबी भिंत वांग्यासारखी झाली.
सौ. म्हणाली, सातवा संपायला दोन दिवस राहिले. मी विचारलं, अशा खोलीत पोरीला आणू का? म्हणाली, खोलीत न्हाई, घरात आणा.
अशिक्षित उत्तर आहे.

१२ नोव्हेंबर
आठवा लागला. आठव्या महिन्यात लेकीला आणत नाहीत, ही जुनी पद्धत आहे आणि ती पाळली पाहिजे. मी पद्धती मोडणारा माणूस नाही. म्हणजे महिनाभर जायचं नाही. मोकळं मोकळं वाटलं. (म्हणजे कामाला वेळ मिळाला म्हणून.)

२६ नोव्हेंबर
सिरसाळ्याच्या राधाकिशनकडून मशीन आणलं. आमची जुनी दोस्ती. कोंबड्यांच्या खाद्याच्या गोळ्या करायचं मशीन आहे, पण डाय (भोकांची चकती) तीच, रोलर तोच. भुसकटाऐवजी कपाशीच्या पऱ्हाट्या कडबा कुट्टीतून काढल्या, परत दळल्या, किंचित पाणी मारलं. पहिल्या दिवशी मशीनमधून नुसती वाफ आणि शिव्या निघाल्या. शिव्या माझ्या.

५ डिसेंबर, दुपारी ४
जमलं! कडक, चकचकीत, मोडलं की कट्ट आवाज. चौदा पोती होतील. राधाकिशन फोनवर म्हणाला, सर, तुमी लेकीसाठी एवढं करायलाव, बाप असावा तर असा. मी म्हणालो, कर्तव्य आहे. त्यानं विचारलं, मग कधी आणता पोरीला? मी म्हणालो, टेस्टिंग चालू आहे.

१२ डिसेंबर
नववा लागला. सकाळी उठलो तर बाजेवर माझा इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, टोपी मांडून ठेवलेली. टाकीचं तोंड अरुंद आहे, पेलेट अडकतात. आधी ते बघावं लागेल. कपडे परत कपाटात ठेवले, घडी मोडली असती.

१८ डिसेंबर, संकष्टी, रात्री ८
गेलतो. आज गेलतो!
सकाळी गणपतीचं दर्शन घेतलं, पाटोद्याला गाडी बदलली, बाराला आष्टी. डब्यात नमुन्याचे पेलेट घेतले होते. दाखवलं असतं, कसं तयार केलंय.
घर सापडलं. समोर चहाचा गाडा होता, तिथं थांबलो. अंगणात उन्हाला प्रियदर्शनी बसली होती, सासू अंजनाबाई तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. पोट लई मोठं दिसलं. पाय सुजलेत, नाथाच्या चपला घातल्या होत्या. नाथानं पाणी आणून दिलं, ती कशावर तरी हसली. दोन वर्षांनी बघितलं. अगदी तशीच हसते.
बुधवार होता. बारा ते दीड राहुकाळ. मी मानत नाही, पण अंजनाबाई मानत असतील. दीडनंतर जेवणाची वेळ झाली. जेवणाच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ नये. मग पावणेतीनची गाडी होती.
पाहणी समाधानकारक. तब्येत चांगली आहे.
सौ.ला सांगितलं, घराला कुलूप होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी टाकायला गेली.

२८ डिसेंबर
यश. लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा पंखा बसवला. चार तास अठ्ठावीस डिग्री, धूर शून्य. भिंतीला दुसऱ्यांदा गुलाबी रंग झालाय. सौ.ला बोलावून दाखवलं. ती बाजेवर बसली, भिंतीवरून हात फिरवला आणि रडायला लागली. मी नळी तपासली. धूर नव्हता.
आता काहीच बाकी नाही. २ तारखेला आणायला जातो. नक्की. पक्कं.

२ जानेवारी
पंख्याच्या बेअरिंगचा आवाज येतोय. बाळाची झोप मोडेल. ६ तारीख.

४ जानेवारी, सकाळी ८
सौ. गेली. सातच्या गाडीनं, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन. बत्तीस वर्षांत कधी एकटी एसटीत बसली नव्हती. दारात म्हणाली, "तुमी मुराळी व्हा न्हाईतर नका होऊ. मी आई हाय, मी चालले."
बेअरिंग बदललं.

५ जानेवारी
दुपारी फोन आला. मुलगी झाली. दोन किलो आठशे. दोघी ठीक.
आष्टीला झाली. इथं नाही.
खोलीत जाऊन स्टोव्ह बंद केला. कालपासून चालू होता.

७ जानेवारी
अजून काही बिघडलेलं नाही. पहिलं बाळंतपण सासरी झालं तरी खोली गरम तर लागणारच. आसारामच्या टेम्पोत स्टोव्ह चढवला, सहा पोती पेलेट, नळ्या. आष्टीला पोचलो तेव्हा नाथा बाहेर आला, पाया पडला, म्हणाला, आत या मामा. टेम्पोकडं एकदा बघितलं.
आत गेलो. खोलीच्या चारी भिंतींना घोंगडी लावलेली. खाली घोंगडी, दाराला घोंगडं. अंजनाबाईंच्या घरची लोकर, घरी कातलेली. बाळाला कोकराच्या पहिल्या मऊ लोकरीच्या दुपट्यात गुंडाळलेलं. जाळ नाही, धूर नाही. मी खिशातून थर्मामीटर काढला. सत्तावीस.
एक डिग्री कमी आहे, मी म्हणालो. आसाराम बाहेर निघून गेला.
अंजनाबाईंनी बाळ माझ्याकडं केलं. हाताला काजळी होती. धुऊन येतो म्हणालो. धुऊन येईस्तोवर पोर झोपली.
मग प्रियदर्शनी बोलली. आवाज बसलाय तिचा. "अप्पा, संकष्टीला तुमी समोर चहाच्या गाड्यावर उभे होता. मी साडी बदलून आले. यांनी माझी बॅग दारात आणून ठेवली. दिवाळीपासून भरलेली होती."
मी म्हणालो, राहुकाळ होता.
"मला वाटलं, आले अप्पा," ती म्हणाली. आणि कुशीवर वळली.
मी म्हणालो, आता चल घरी, खोली तयार आहे. तिनं तिकडंच तोंड ठेवून सांगितलं, आता सव्वा महिना मी हितंच हाय.
स्टोव्ह टेम्पोतून उतरवलाच नाही. निघताना नाथा म्हणाला, "मामा, सोळाला बारसं हाय. मी न्यायला येतो तुमाला."
मी म्हणालो, रस्ता माहीत आहे मला. सौ. दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

१० जानेवारी
सौ. तिकडंच आहे. वत्सलाबाई भाकरी देतात. स्टोव्ह परत खोलीत बसवला. उगाच गंजायला नको.

१६ जानेवारी, सकाळी ९
बारसं आज. नाथा सात वाजताच आला, मोटारसायकलवर, मफलर गुंडाळून. मी तयार होतो. पांढरा सदरा घातला होता. त्यानं हाक मारली आणि मला आठवलं, राधाकिशनचं मशीन आज परत द्यायचंय. तसं सांगितलं. तो म्हणाला, मशीन उद्या देऊ मामा, मी येतो उचलू लागायला. मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द. तो अर्धा तास ओट्यावर बसून राहिला. मग म्हणाला, पाळणा बाराला हाय, मला निघावं लागंल. तुमी या मागून. मी म्हणालो, येतो.

दुपारी १
राधाकिशनला फोन केला. मशीन कधी नेतोस? तो म्हणाला, राहू द्या की सर होळीपर्यंत, मला काय घाई हाय. आज बारसं ना नातीचं? तुमी घरी कावून?
फोन ठेवला.

सायंकाळी ६
आळीतली सगळी जीप करून गेलती. आत्ता आली. माणसं हसत उतरली, माझ्या दारापाशी आली की गप झाली.
मशीनचं काही नव्हतं. बेअरिंगचं नव्हतं, टाकीचंही नव्हतं. हे इथं लिहायला काय हरकत आहे, वाचणारा मीच. मेंढरंवाल्याच्या ओट्यावर बसायची मला दोन वर्षं लाज वाटली. आज त्या ओट्यावर जायला माझीच मला लाज वाटली. पोरीची भरलेली बॅग दारात होती. मी चहा पिऊन परत आलो. एवढंच झालंय.
माझी लेक होती ती. मला जायचं होतं.
वत्सलाबाईंनी भिंतीवरून हाक मारली. बारशाच्या घुगऱ्या दिल्या, वाटीभर, शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात तशा. म्हणाल्या, आरोही नाव ठेवलं. मी विचारलं, कार्य चांगलं झालं का? त्या म्हणाल्या, लई चांगलं झालं.
घुगऱ्या खाल्ल्या. मीठ जरा जास्त पडलंय.
वाटी रिकामी परत देऊ नये, साखर तरी घालून द्यावी. सगळे डबे उघडून बघितले. साखर कुठं ठेवतात ते मला माहीत नाही.